फोडणीतला सुगंध आणि बाटलीतला अर्क

वनस्पतींची पाने, बिया, साली आणि कळ्या यांमध्ये सूक्ष्म ग्रंथी किंवा नलिका असतात, आणि त्यांत साठलेल्या, हवा लागताच उडून जाणाऱ्या सुवासिक द्रव्यांच्या मिश्रणाला उडनशील तेल किंवा सुगंधी तेल असे म्हणतात. खोबरेल, करडईचे तेल, शेंगदाण्याचे तेल ही मेदाम्लांपासून बनलेली स्थिर तेले होत. त्यांचा थेंब कागदावर पडला की डाग कायम राहतो, तर उडनशील तेलाचा थेंब काही वेळाने बहुधा मागमूस न ठेवता नाहीसा होतो. ही तेले वनस्पती माणसासाठी तयार करीत नाही. किडी, बुरशी आणि चरणारी जनावरे यांना दूर ठेवणे हे त्यांचे एक प्रमुख काम असते, आणि जे द्रव्य किड्याला मारक ठरते ते माणसाला अल्प प्रमाणात रुचकर व अधिक प्रमाणात अपायकारक ठरावे, यात विसंगत असे काही नाही. नैसर्गिक आरोग्याच्या नावाखाली या तेलांच्या लहान बाटल्यांचा जो व्यापार अलीकडे वाढला आहे, त्याकडे पाहताना ही एक गोष्ट ध्यानात ठेवली तरी बराच गोंधळ टळतो.

मराठी स्वयंपाकघरातील मसाल्याचा डबा हा खरे पाहता उडनशील तेलांचाच संग्रह आहे. ओव्याचा झणका थायमॉल या द्रव्याचा, लवंगेचा युजेनॉलचा, बडीशेपेचा गोडसर वास अॅनेथोलचा, धन्यांचा लिनालूलचा, तर जिऱ्याचा क्युमिनाल्डिहाइडचा असतो. वेलदोड्यात सिनिओल हे द्रव्य मोठ्या प्रमाणात असते आणि निलगिरीच्या तेलाचाही तोच मुख्य घटक आहे. गवती चहाला लिंबासारखा वास येतो तो सिट्रालमुळे. याउलट मिरचीचा तिखटपणा, मिऱ्याचा तिखटपणा आणि हळदीचा पिवळा रंग देणारी द्रव्ये उडून जाणारी नाहीत, म्हणून ती ऊर्ध्वपातन केलेल्या तेलात उतरत नाहीत. हळदीच्या सुगंधी तेलात हळदीचे सर्व गुण आले असे जे सांगितले जाते, ते म्हणूनच चुकीचे आहे, कारण ज्या कर्क्युमिनचा इतका बोलबाला झाला ते द्रव्य त्या तेलात जवळजवळ नसतेच.

ऊर्ध्वपातन म्हणजे वनस्पतीमधून वाफ सोडून, वाफेबरोबर निघालेले सुगंधी द्रव्य थंड करून पाण्यापासून वेगळे काढणे. ओव्यात असे तेल वजनाच्या साधारण २ ते ४ टक्के निघते, लवंगेच्या कळीत १५ ते २० टक्के, आणि पुदिन्याच्या ओल्या पाल्यात एक टक्क्याहूनही कमी. पहिल्या महायुद्धापूर्वी भारतातून ओवा जर्मनीला जात असे व तेथे त्यातून थायमॉल काढले जाई. त्याचे स्फटिक बाजारात ओव्याचे फूल म्हणून ओळखले जातात, जसे मेंथॉलचे स्फटिक पुदिन्याचे फूल म्हणून. जपानी पुदिन्याच्या तेलात आज भारत जगात अग्रेसर आहे, आणि उत्तर प्रदेशात बाराबंकी व आसपासच्या जिल्ह्यांतील शेतकऱ्यांपर्यंत हे पीक पोहोचण्यात लखनौ येथील केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने विकसित केलेल्या वाणांचा मोठा वाटा आहे.

या टक्केवारीतूनच मात्रेचा प्रश्न उभा राहतो. एका लवंगेचे वजन साधारण एक दशांश ग्रॅम धरले, तर तिच्यात सुमारे १५ मिलिग्रॅम तेल असते. लवंगेच्या तेलाचा एक थेंब सुमारे ५० मिलिग्रॅमचा, म्हणजे तीनेक लवंगांइतका, आणि ५ मिलिलिटरचा एक चमचा तीनशेहून अधिक लवंगांइतका भरतो. मसालेभातात चार लवंगा घालणारी कोणतीही गृहिणी त्यात तीनशे लवंगा घालणार नाही, परंतु बाटलीतले तेल पाहताना हे प्रमाण डोळ्यांना दिसत नाही. दुखऱ्या दाढेत लवंगेचे तेल लावण्याच्या प्रथेला आधार आहे; युजेनॉल नसांच्या टोकांना काही काळ बधिर करते व जंतूंनाही आवर घालते, आणि दंतवैद्यकात जस्ताच्या भस्माबरोबर ते तात्पुरत्या भरणासाठी दीर्घकाळ वापरले गेले आहे. तेच तेल लहान मुलाने घोटभर प्यायल्यास यकृताला गंभीर इजा होऊ शकते.

सुगंधी तेलांच्या वापराला उपचारपद्धतीचे रूप आणि ‘अरोमाथेरपी’ हे नाव देण्याचे श्रेय फ्रान्समधील रसायनतज्ज्ञ रेने-मॉरिस गातफॉसे यांना दिले जाते. या नावाचा त्यांचा ग्रंथ १९३७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतरच्या काळात या पद्धतीच्या नावावर जे दावे जमा झाले, त्यांतील फार थोडे कसोटीला उतरले आहेत. जे उतरले त्यांत पेपरमिंट या पुदिन्याच्या जातीचे तेल ठळक आहे: वारंवार पोटात मुरडा येणे, पोट फुगणे, शौचाच्या सवयी बिघडणे अशा लक्षणांच्या, आतड्याच्या संवेदनशीलतेशी निगडित विकारात ते आतड्यातच विरघळणाऱ्या आवरणाच्या कॅप्सूलमधून दिल्यास अनेक रुग्णांना आराम पडतो, कारण मेंथॉलमुळे आतड्याच्या भिंतीतील स्नायू सैल होतात. सर्दीत मात्र मेंथॉलची वाफ घेतल्यावर नाक मोकळे झाल्याची जी भावना होते, ती बहुतांशी भावनाच असते. नाकातील थंडी ओळखणारी ग्राहके त्यामुळे जागी होतात आणि श्वास मोकळा वाटतो, पण मोजून पाहिले असता नाकातून जाणाऱ्या हवेच्या वाटेत विशेष फरक आढळत नाही. याच ग्राहकांच्या शोधात मेंथॉलचा उपयोग करणारे डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापुटियन यांना २०२१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आराम वाटणे हेही आजाऱ्याच्या दृष्टीने काही कमी नसते, एवढे मात्र मान्य करावयास हवे.

अपायाच्या बाबतीत कापूर आणि निलगिरी यांचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो, कारण ही दोन्ही द्रव्ये बहुतेक घरांत असतात आणि ती घरगुती असल्यामुळेच निरुपद्रवी मानली जातात. कापूर पोटात गेल्यास अल्पावधीत झटके येऊ शकतात, आणि लहान मुलांत ग्रॅमभर कापूरही जीवघेणा ठरू शकतो. देवघरातील कापराची डबी म्हणूनच रांगत्या मुलाच्या हाताला लागणार नाही अशा जागी असावी. सर्दी झालेल्या तान्ह्या बाळाच्या गळ्यात कापराची पुरचुंडी बांधण्याची किंवा त्याच्या नाकाशी निलगिरीचे तेल लावण्याची रीत सोडून देण्यासारखीच आहे, कारण अशा तीव्र वासाने बाळाचा श्वास अडखळू शकतो. प्रौढांनी त्वचेवर लावतानाही कोणतेही सुगंधी तेल खोबरेल किंवा तिळाच्या तेलात मिसळून, चमचाभर तेलाला एक-दोन थेंब या मानाने लावणे उचित ठरते. दालचिनी आणि लवंग यांची शुद्ध तेले त्वचा पोळवतात, आणि जुनी झालेली, हवेशी संयोग पावलेली तेले पुरळ उठवतात.

असे असता सुगंधी द्रव्यांचा आरोग्याशी संबंध शोधावयाचा कोठे, तर तो मुख्यतः ताटात. मसाल्यातील तेलांचे जंतुनाशक वा दाहशामक गुण प्रयोगशाळेत दिसतात हे खरे, पण तेथे वापरलेली मात्रा जेवणातून मिळणाऱ्या मात्रेच्या कितीतरी पट असते. म्हणून भाजीतील ओव्याला औषध म्हणणे ही अतिशयोक्तीच होय. त्याचे खरे काम निराळे आहे आणि ते अधिक मोलाचे आहे: डाळी, कडधान्ये, पालेभाज्या आणि भरड धान्ये यांसारखे साधे, तंतुमय अन्न हवेहवेसे वाटावे अशी किमया हा सुगंध करतो. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ व्यक्तीने दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ आणि किमान ४०० ग्रॅम फळे व भाज्या खाव्यात असे सुचवते. या दोन्ही सूचना अळणी, बेचव जेवणातून फार दिवस पाळल्या जात नाहीत, तर जिरे, आले, कोथिंबीर, कढीपत्ता आणि लिंबू यांनी चव भरून काढली म्हणजे मिठाची उणीव कमी जाणवते. ताटाच्या डाव्या बाजूला लोणचे आणि पापड वाढून मात्र हे सारे श्रम वाया जातात.

फोडणीची क्रिया या दृष्टीने विशेष समर्पक आहे. सुगंधी द्रव्ये पाण्यात फारशी विरघळत नाहीत, तापलेल्या तेलात मात्र चटकन उतरतात आणि तेलाच्या द्वारा सबंध पदार्थात पसरतात. त्यामुळे दोन चमचे तेलाची फोडणीही पातेलेभर आमटीला पुरते, आणि वरून तेलाचा तवंग असण्याची गरज राहत नाही. फोडणी करपली किंवा आमटी झाकण न ठेवता फार वेळ उकळली, तर तोच सुगंध वाफेबरोबर घरभर पसरतो आणि ताटात थोडाच उरतो. पिठल्यात किंवा भज्यांच्या पिठात ओवा आणि वरणात हिंग घालण्यामागे डाळींमुळे होणाऱ्या वाताचा विचार आहे. आयुर्वेदातील हिंगाष्टक चूर्णातही हिंग, ओवा, जिरे, शहाजिरे, सुंठ, मिरे, पिंपळी आणि सैंधव ही स्वयंपाकघराला परिचित द्रव्येच एकत्र येतात, आणि ते तुपासह पहिल्या घासाबरोबर घेण्याची पद्धत आहे.

स्वयंपाकघरातील पदार्थही चमच्याने औषधासारखा घेतला जाऊ लागला की बाटलीचे नियम त्याला लागू होतात, याचे चांगले उदाहरण दालचिनीचे आहे. रक्तातील साखर उतरावी म्हणून रोज सकाळी तिची पूड गरम पाण्यातून घेण्याचा प्रघात पुष्कळ पसरला आहे, परंतु बाजारात दालचिनी म्हणून जी जाड, खरबरीत साल मिळते ती बहुधा कॅशिया या जातीची असते आणि तिच्यात कौमारिन नावाचे, काही व्यक्तींच्या यकृताला त्रासदायक ठरणारे द्रव्य असते. युरोपीय तज्ज्ञांनी ठरवलेली त्याची दैनिक मर्यादा शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे ०.१ मिलिग्रॅम आहे, आणि ६० किलोग्रॅम वजनाच्या माणसाची ही मर्यादा सरासरी प्रतीच्या कॅशियाच्या सुमारे २ ग्रॅम पुडीतच गाठली जाते. पुलावात पडणारा बोटभर तुकडा चार-सहा जणांत वाटला जातो व बहुधा ताटाच्या कडेला काढून ठेवला जातो, त्यामुळे तेथे हा प्रश्न येत नाही. श्रीलंकेतील दालचिनीत कौमारिन अत्यल्प असते. तिची साल पातळ, कागदासारख्या अनेक थरांची गुंडाळी असून ती हाताने सहज मोडते, पण एकदा पूड झाल्यावर हे दोन प्रकार डोळ्यांनी वेगळे ओळखणे कठीण असल्याने ज्यांना ती रोज घ्यावयाची असेल त्यांनी साल पाहूनच विकत घ्यावी आणि मधुमेहाची औषधे चालू असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे.