एका उपेक्षित विनोदपटाचा चाहता

गंभीर कलाकृतीची बाजू मांडणें त्यामानानें सोपें असतें. एखाद्यास शोकान्त नाटक आवडलें नाहीं, तर त्यांतील विचार, भाषा व स्वभावचित्रण यांकडे बोट दाखवून त्याचें मन वळवितां येतें. विनोदाचें तसें नाहीं. ज्याला हंसूं आलें नाहीं, त्याला युक्तिवादानें हंसवितां येत नाहीं. म्हणूनच लोकांनीं नापसंत केलेल्या विनोदी चित्रपटावर मनापासून लोभ करणारा मनुष्य थोडासा एकाकी असतो. 'पुन्हां एकदां पाहा' यापलीकडे त्याच्यापाशीं दुसरें प्रमाण नसतें. प्रस्तुत लेखक अशांपैकींच एक आहे. या आवडीचें स्वरूप काय व तींत चाहत्याचें कर्तव्य कोणतें, हें एका उदाहरणावरून विद्यार्थिमित्रांस सांगण्याचें येथें योजिलें आहे.

तें उदाहरण म्हणजे बस्टर कीटन (१८९५–१९६६) या अमेरिकन नटाचा 'द जनरल' हा मूकपट. कीटन यांनीं क्लाइड ब्रकमन यांच्यासह त्याचें दिग्दर्शन केलें व १९२६ सालीं ऑरेगॉन संस्थानांतील कॉटेज ग्रोव्ह या गांवाच्या आसपास त्याचें चित्रण केलें. कथेला इतिहासाचा आधार आहे. अमेरिकेंतील यादवी युद्धांत, १२ एप्रिल १८६२ रोजीं, उत्तरेच्या बाजूच्या कांहीं हेरांनीं दक्षिणेंतील जॉर्जियांत शिरून 'जनरल' नांवाचें आगगाडीचें एंजिन पळविलें. दक्षिणेच्या लोकांनीं पाठलाग करून त्यांस पकडलें व पुढें त्यांपैकीं आठ जणांस फांशी दिलें. कीटन यांनीं या घटनेंतील पाठलाग करणाऱ्यास आपला नायक केलें.

हा नायक जॉनी ग्रे एंजिन-ड्रायव्हर आहे. त्याचा जीव दोघांवर : एक आपलें एंजिन व दुसरी अ‍ॅनाबेल ली ही तरुणी. युद्ध सुरू होतांच तो सैन्यांत नांव घालण्यास जातो. परंतु ड्रायव्हर म्हणूनच तो अधिक उपयोगी आहे असें ठरवून अधिकारी त्यास नाकारतात, आणि कारण मात्र सांगत नाहींत. अ‍ॅनाबेल त्यास भित्रा समजते. खिन्न होऊन तो एंजिनाच्या चाकांना जोडणाऱ्या दांड्यावर बसतो. एंजिन चालूं लागतें, दांडा त्याला संथपणें वर-खालीं नेतो, तरी बराच वेळ त्याला त्याचें भान नसतें. येथें प्रेक्षक हंसतो. पण एवढ्या दुःखाचें चित्र दुसऱ्या कोणत्या प्रकारें इतक्या थोडक्यांत दाखवितां आलें असतें?

या चित्रपटांतील विनोद घडतो कसा, हें पाहण्यासारखें आहे. शत्रूनें रुळांवर लांकडी स्लीपर टाकले आहेत. जॉनी धांवत्या एंजिनाच्या पुढील जाळीवर एक स्लीपर उराशीं धरून बसला आहे, आणि समोर दुसरा आडवा पडला आहे. तो हातांतील स्लीपर समोरच्याच्या टोकावर नेमका आपटतो व दोन्ही बाजूस उडून जातात. ही केवळ तरफेची करामत आहे, आणि ती खऱ्या चालत्या एंजिनावर स्वतः कीटन यांनीं केलेली आहे. दुसऱ्या एका प्रसंगीं त्यानें पेटविलेली तोफ हळूहळू खालीं वांकून त्याच्यावरच रोखली जाते. तो जीव मुठींत धरून पुढें पळतो. इतक्यांत रूळ वळण घेतात, गोळा त्याला चुकवून सरळ जातो आणि शत्रूच्या गाडीपाशीं फुटतो. जें संकट, तेंच साहाय्य होतें. सगळ्या चित्रपटाची रचनाही अशीच आहे. पूर्वार्धांत जॉनी पाठलाग करतो, उत्तरार्धांत त्याचाच पाठलाग होतो. हें सारें चाललें असतां कीटन यांच्या मुखावर हास्याची रेषा उमटत नाहीं. हंसण्याचें काम त्यांनीं सर्वस्वी प्रेक्षकाकडे सोंपविलें आहे.

एका दृश्यांत जळता पूल कोसळून खरें एंजिन नदींत पडतें. त्या एका दृश्यावर अपार द्रव्य खर्च झालें. परंतु १९२७ च्या आरंभीं अमेरिकेंत चित्रपट प्रदर्शित झाला, तेव्हां अनेक परीक्षकांस तो लांबलेला व कंटाळवाणा वाटला. खर्चाच्या मानानें उत्पन्नही झालें नाहीं. लवकरच, १९२८ सालीं, कीटन मेट्रो-गोल्डविन-मेयर या मोठ्या कंपनीच्या नोकरींत शिरले व आपल्या मनाप्रमाणें चित्रपट काढण्याचें त्यांचें स्वातंत्र्य संपलें.

पुढें दिवस पालटले. १९४९ सालीं जेम्स एजी या लेखकानें 'लाइफ' साप्ताहिकांत मूक विनोदपटांविषयीं एक मोठा निबंध लिहून वाचकांचें लक्ष पुन्हां कीटन यांच्याकडे वेधलें. १९७२ सालीं 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश नियतकालिकानें घेतलेल्या समीक्षकांच्या मतदानांत 'द जनरल' जगांतील पहिल्या दहा चित्रपटांत आला. आणि १९८९ सालीं अमेरिकेनें जतन करण्यायोग्य म्हणून निवडलेल्या पहिल्या पंचवीस चित्रपटांत त्याची गणना झाली. हा न्याय मिळण्यास फिल्म शिल्लक असणें अवश्य होतें. अमेरिकन काँग्रेसच्या ग्रंथालयानें २०१३ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणीप्रमाणें त्या देशांतील पूर्ण लांबीचे सुमारें ७० टक्के मूकपट नाहींसे झाले आहेत. त्यांत एखादा दुसरा 'जनरल' नसेल असें कोणीं सांगावें? अप्रिय वस्तूही जपून ठेवणारा कोणी असला, तरच पुढील पिढीला आपलें मत देतां येतें.

परंतु भक्ति डोळस असली पाहिजे. या चित्रपटाचा नायक ज्या पक्षासाठीं लढतो, तो पक्ष गुलामगिरी टिकविण्यासाठीं अमेरिकन संघराज्यांतून फुटला होता; आणि चित्रपट त्या अन्यायाविषयीं मौन धरतो. आपल्या महाराष्ट्रांत जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं 'गुलामगिरी' हें पुस्तक, गुलामांस दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेंतील सत्पुरुषांस अर्पण केलें. तीं नांवें न घेतां केलेली अर्पणपत्रिका जाणणाऱ्या वाचकास जॉनीचा विजय पाहतांना मनांत कोठेंतरी टोंचलेंच पाहिजे. तें टोंचणें लपविणारा चाहता आपल्या आवडत्या कृतीचा वकील होतो, मित्र राहत नाहीं. मित्र दोष जाणतो, तो बोलून दाखवितो, आणि तरीही गुणांचा आदर सोडीत नाहीं.

तेव्हां, विद्यार्थिमित्रहो, तुम्हांसही एखादी कृति फार आवडेल व इतर तिची थट्टा करतील, असा प्रसंग येईल. त्या वेळीं त्यांच्याशीं भांडूं नका व त्यांच्या हंशासाठीं आपली आवड टाकूंही नका. ती कृति पुन्हां पाहा, ती कशी बनली तें शोधा, तींत काय खटकतें तेंही मनाशीं नीट ठरवा. आणि संधि मिळतांच एखाद्या स्नेह्याला शेजारीं बसवून ती दाखवा. 'द जनरल' सुमारें सव्वा तासाचा आहे आणि त्यास बहुतांशीं भाषा लागत नाहीं. मात्र पाहतांना 'आतां हंसा' असें कोणी कोणास सांगूं नये. हंसूं यावयाचें असेल, तर तें आपण होऊन येईल.