तीस मीटरची मोजपट्टी

सीओपीडी या श्वासनलिका आकसवणाऱ्या जुनाट आजाराचं निदान स्पायरोमीटरवर होतं. जॉन हचिन्सनने १८४६ मध्ये लंडनमध्ये मांडलेलं हे यंत्र. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर फुंकली जाते, हा आकडा त्यावर आज पाहतात. पण तो आकडा म्हणजे रोग्याची कुवत नव्हे. सारख्याच आकड्याच्या दोघांपैकी एक मंडईतून भाजी घेऊन येतो, तर दुसऱ्याला अंघोळ करतानाच धाप लागते. हा फरक टिपायला ३० मीटरचा सपाट बोळ, दोन टोकांना दोन शंकू, घड्याळ आणि बोटाला लावायचा ऑक्सिमीटर एवढंच लागतं. ६ मिनिटांत जमेल तेवढं चालायचं. दम लागला तर थांबायची मुभा आहे, पण घड्याळ थांबत नाही. आधी ही चाचणी १२ मिनिटांची होती. २, ६ आणि १२ मिनिटांची तुलना १९८२ मध्ये ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झाली आणि पुढे ६ मिनिटांची चाचणी रुळली. अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने २००२ मध्ये तिचे नियम ठरवले, अगदी दर मिनिटाला कोणत्या शब्दांत धीर द्यायचा इथपर्यंत. हा काटेकोरपणा हवाच. जोरात ‘चला, चला’ म्हटलं की अंतर वाढतं.

या बोळात मोजले जातात ते मुख्यतः पाय, असं माझं मत आहे. सायकलवरच्या चाचणीत अनेक रोगी धाप लागण्याआधी मांड्या भरून आल्या म्हणून थांबतात. या आजारात मांडीच्या स्नायूतले दमदार, सावकाश थकणारे तंतू कमी होतात, प्राणवायू वापरणारी विकरंही घटतात. मग थोड्या श्रमातच लॅक्टिक आम्ल साचतं, त्यातून जादा कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि तो बाहेर टाकायचा बोजा आधीच आजारी असलेल्या फुप्फुसांवर पडतो. संशोधक कॅसाबुरी यांच्या गटाने १९९१ मध्ये दाखवलं की जोरकस व्यायामाच्या सरावानंतर तेवढ्याच कामाला आम्ल कमी साचतं आणि श्वासही कमी लागतो. उलट, अहोरात्र राबणाऱ्या श्वासपटलात दमदार तंतू वाढलेले आढळतात. म्हणजे सगळा दोष आजाराचा नाही, बसून राहण्याचाही आहे. अर्थात सूज, कुपोषण आणि स्टेरॉइडच्या गोळ्यांचा वाटाही नाकारता येत नाही.

व्यायामाने फुप्फुस सुधारत नाही, मग उपयोग काय, हा आक्षेप रास्त आहे. फुंकण्याचा आकडा खरोखरच जवळजवळ हलत नाही. तरीही ६५ चाचण्यांतल्या ३,८२२ रोग्यांचा २०१५ चा कॉक्रेन आढावा सांगतो की व्यायामावर आधारलेल्या पुनर्वसनाने धाप कमी होते, चालणं आणि जगणं सुधारतं. गुडघेदुखीने अंतर घटतं हेही खरं; म्हणून हे साधन निदानाचं नाही, त्याच माणसाची त्याच्याशीच तुलना करण्याचं आहे. धाप लागणाऱ्याला चालवणं क्रूर वाटेल. पूर्वी विश्रांतीच सांगत, आणि त्याने पाय आणखी खंगत. महाराष्ट्रात तर धूम्रपान न करता चुलीच्या धुराने आजारी पडलेल्या बायका आहेत. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी अशा रोग्यांकडे २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मधून लक्ष वेधलं. अशा रोग्यांच्या हाती नुसता इनहेलर देऊन घरी पाठवणं अपुरं आहे. खुर्चीतून उठबस आणि रोजचं चालणं यांना यंत्र लागत नाही. लागतो तो शिकवणारा फिजिओथेरपिस्ट, आणि नेमका तोच तालुक्याच्या गावी सहजी मिळत नाही. शिवाय काही आठवड्यांचा कार्यक्रम संपल्यावर व्यायाम सुटला, तर कमावलेलं अंतर वर्षभरात बरंचसं ओसरतं.