कर्करोग शिकवा, पण वस्तीत उतरून!

काही वर्षांपूर्वी एक सफाई कामगार नोकरीच्या प्रकरणासाठी आमच्याकडे आले. बोलताना त्यांचे तोंड नीट उघडत नव्हते. गालाच्या आत जखम होती. चार महिने ते दवाखाने फिरत होते. कुणी मलम दिले, कुणी गोळ्या दिल्या. बॅटरी धरून तोंड मात्र कुणीच तपासले नाही. निदान झाले तेव्हा गाठ मानेत उतरली होती. वर्षभरात ते गेले.

त्या डॉक्टरांना शिव्या देऊन आम्ही मोकळे झालो असतो. पण सवाल असा आहे की, त्यांना हे कुणी शिकवले होते काय?

एम.बी.बी.एस.चे शिक्षण साडेचार वर्षांचे. त्यात कर्करोगाचा स्वतंत्र पेपर नाही. पॅथॉलॉजीत थोडा, सर्जरीत थोडा, स्त्रीरोगात थोडा, असा तो विखुरलेला. विद्यार्थी सूक्ष्मदर्शकाखाली पेशी ओळखून गुण मिळवतो. पण तीन आठवड्यांत न भरलेल्या तोंडातल्या जखमेची बायोप्सी करायला पाठवावे, हे त्याच्या अंगवळणी पडत नाही. २०१९ पासून नवा अभ्यासक्रम आला. रुग्णाशी कसे बोलावे, हेही त्यात आले. कागदावर सारे उत्तम! अंमलबजावणीचे काय?

हे शिकवणे अवघड आहे, ही सबब आम्हाला मान्य नाही. टाटा मेमोरियल रुग्णालयाने मुंबईच्या झोपडपट्ट्यांत सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. दहावीपर्यंत शिकलेल्या आरोग्यसेविकांनी व्हिनेगरसारखे साधे द्रावण लावून गर्भाशयाचे मुख तपासले. तपासणी न झालेल्या गटाच्या तुलनेत या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. २०१३ साली हे जगापुढे आले. दहावी शिकलेली बाई जे करते, ते भावी डॉक्टरला येऊ नये?

वेदनेचेही तेच. अमली पदार्थांचा १९८५ चा कायदा २०१४ साली दुरुस्त झाला, तो रुग्णांना मॉर्फिन मिळणे सोपे व्हावे म्हणून. कायदा बदलला, पण मॉर्फिन लिहून देण्याची हिंमत आणि ज्ञान वर्गात दिले नाही, तर शेवटच्या दिवसांत गरिबाने नुसते विव्हळत राहायचे काय? संविधानाच्या कलम २१ मधले जगणे सन्मानाचे आहे. ते मरणाच्या दारातही संपत नाही.

म्हणून आमची मागणी साधी आहे. प्रत्येक विद्यार्थ्याने वस्तीत जाऊन तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख तपासायला शिकावे, आणि त्याची परीक्षा व्हावी. गरिबाला पहिला भेटतो तो एम.बी.बी.एस. डॉक्टरच; कर्करोगतज्ज्ञ भेटतो तो फार उशिरा. आपल्या समाजातून डॉक्टर होणाऱ्या मुला-मुलींनी तरी महाविद्यालय शिकवील याची वाट पाहू नये. वस्ती त्यांची वाट पाहते आहे.