जुनी मोठी गाडी घेताना आधी पाण्याचा ऐब पाहा

कापडाचा ताका आपण पूर्ण उलगडून पाहतो. मात्र जुनी मोठी सेडान स्वस्तात मिळते म्हटले की वरचे पॉलिश पाहूनच बयाणा देतो. मी स्वतः एकदा असा सौदा केला आणि सहा महिन्यांत दुकानाच्या भांडवलातला पैसा गॅरेजमध्ये गेला. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या व्यापारी व कारागीर बांधवांनी ही चूक करू नये.

आपला भाग उल्हास आणि वालधुनी नद्यांच्या काठचा. २६ जुलै २००५ चा पूर सर्वांना आठवतो. २७ जुलै २०१९ रोजी तर महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणी दरम्यान पाण्यात अडकली होती. अशा पुरात बुडालेली गाडी धुऊन-पुसून विकायला निघू शकते. म्हणून सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून मातीचे डाग पाहा. पायाखालचा गालिचा उचला. डिकीत स्टेपनीखालची जागा तपासा. गाळ, गंज वा कुबट वास आढळला तर सौदा सोडा. मोठ्या गाडीत वायरिंग जास्त असते. पाण्याने लागलेला बिघाड लवकर पाठ सोडत नाही.

इंजिन थंड असतानाच सुरू करायला सांगा. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. ऑइलचे झाकण आतून दुधाळ दिसले तर ऑइलमध्ये पाणी गेल्याचा संशय घ्या. ऑटोमॅटिक गाडी गिअर टाकल्यावर झटका देत असेल किंवा उशिरा हलत असेल, तर गिअरबॉक्सचा मोठा खर्च समोर आहे. मीटर कमी आणि पेडलचे रबर झिजलेले, तर मीटर फिरवले असावे. आपल्या ओळखीचा मिस्त्री सोबत न्यावाच.

आता कागद. चेसिस व इंजिनचे नंबर आरसीशी जुळवा. कर्जाची नोंद असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ मागा. फॉर्म २९ व ३० वर सह्या घेऊन आरटीओत गाडी लगेच आपल्या नावावर करा. थकलेला दंड आणि विम्याची मुदतही पाहा.

पैगंबर (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, तेव्हा आत ओल लागली. भिजलेले धान्य वर का ठेवले नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले. घेणाऱ्याने ढिगात हात घालावा आणि विकणाऱ्याने ऐब आधी सांगावा. बरकत अशाच सौद्यात आहे.