हंपीचे अवशेष आणि मेणकागदावरची चित्रे

हंपीला गेलेला माणूस विठ्ठल मंदिरापुढच्या दगडी रथाचे छायाचित्र घेतल्याशिवाय सहसा परतत नाही. आपल्या वारकऱ्यांच्या मुलखात त्या देवळाची ओळख करून द्यायला नको. भानुदासांनी विठोबाला तेथून पंढरीस परत आणले, ही कथा आपण सर्वांनी ऐकलेली आहे. असे कितीतरी रथ आम्ही चित्रांतून पाहिले. ते सारे सपाट माथ्याचे. म्हणूनच १८५६ सालचे एक चित्र पाहताना आम्ही थबकलो. त्यात रथावर विटांचे चांगले उंच शिखर आहे!

हे चित्र घेणारा अलेक्झांडर ग्रीनलॉ हा मद्रासच्या फौजेतील अधिकारी. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईनंतर उजाड झालेल्या विजयनगरात तो कॅमेरा घेऊन हिंडला. काचेवर चित्र घेण्याची रीत तेव्हा निघाली होती. पण काचेवरचे रसायन ओले आहे तोवरच, म्हणजे काही मिनिटांत, सारे काम उरकावे लागे. त्या उन्हात, त्या खडकांत, हे जमावे कसे? ग्रीनलॉने मेणकागद पत्करला. कागदात मेण जिरवायचे, मग त्यावर चांदीच्या क्षारांचा संस्कार करायचा. असा कागद आधी तयार करून काही दिवस ठेवता येई. मात्र चित्र उमटायला वेळ फार लागे. मधून चालत गेलेल्या माणसाची खूणही राहत नसे. दगड तेवढे स्थिर बसत. तेव्हा या चित्रांतला निर्मनुष्यपणा काही अंशी रसायनाचे देणे आहे, हे पाहणाराने विसरू नये.

आकाशाचेही तेच. तो कागद निळ्या प्रकाशाला लवकर भुले, म्हणून आकाश कोरे पांढरे येई. त्याच काळात मद्रासकडे काम करणाऱ्या लिनियस ट्राइपने आपल्या निगेटिव्हवर चक्क हाताने ढग रंगवले. याला कोणी लबाडी म्हणेल. आम्ही म्हणणार नाही. कोरे आकाश तरी कोठे खरे होते?

ग्रीनलॉचे कागद पुढे विस्मृतीत गेले आणि १९८० च्या सुमारास पुन्हा उजेडात आले. १९८३ मध्ये ऑस्ट्रेलियाचे छायाचित्रकार जॉन गॉलिंग्ज यांनी ग्रीनलॉ जेथे उभा होता त्या जागा हुडकल्या आणि तेथूनच तीच दृश्ये पुन्हा टिपली. दोन्ही चित्रे शेजारी ठेवावीत. गॉलिंग्ज यांच्या चित्रात दगडाची प्रत्येक चीर दिसते. ग्रीनलॉच्या चित्रात कागदाचे तंतूही उतरलेले असल्यामुळे दगड मऊ भासतो. कलेच्या दृष्टीने आमचे मन त्या जुन्याकडेच झुकते. आणि पुरावा म्हणूनही ते मोलाचे आहे. रथ दगडाचा, म्हणून टिकला. विटांचे शिखर गेले आणि कागदावर तेवढे उरले.

२०१७ पासून आपल्या पन्नास रुपयांच्या नोटेवर हा रथ छापला जातो. तो अर्थात शिखरावाचूनचा.