फ्लेमिंगोची चोच आणि शाळेची सहल
मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या निसर्ग-इतिहास दालनात फ्लेमिंगो, धनेश, गवा आणि वाघ यांचे देखावे आहेत. हे संग्रहालय १९२२ साली लोकांना खुले झाले आणि या दालनाच्या उभारणीत बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचा मोठा वाटा होता. डॉ. सलीम अली १९२६ मध्ये याच विभागात मार्गदर्शक व्याख्याते होते. देखाव्यात प्राणी एकटा नसतो. भोवती त्याचा परिसर उभा केलेला असतो. त्यामुळे तो कुठे राहतो आणि कसा जगतो हे एकत्र दिसते.

ठाणे खाडीत दरवर्षी हजारो फ्लेमिंगो येतात, पण किनाऱ्यावरून मुलांना दिसते ती लांबची गुलाबी रेघ. काचेपलीकडचा पक्षी मात्र हवा तितका वेळ निरखता येतो. त्याची चोच मध्येच खाली वाकलेली का? हा पक्षी मान खाली सोडून, डोके उलटे करून चोच उथळ पाण्यात बुडवतो. जीभ मागेपुढे करत तो पाणी आत ओढतो, बाहेर टाकतो आणि चोचीच्या कडेच्या बारीक झालरीत शेवाळ, सूक्ष्म जीव अडकतात. अशा खाण्याला सरळ चोच गैरसोयीची ठरली असती. मुलांनी स्वतः मान वाकवून हे ताडले, तर अनुकूलनाचा धडा वेगळा शिकवावा लागत नाही.

यासाठी एका देखाव्यापाशी थांबावे लागते, आणि नेमके तेच राहून जाते. तासाभरात सगळी दालने उरकली जातात. हाती प्रश्नपत्रिका असली, की मुले प्राण्याऐवजी पाट्या वाचून त्या उतरवून घेतात. सिडनीच्या संग्रहालयांतील शालेय सहलींचा जॅनेट ग्रिफिन आणि डेव्हिड सिमिंग्टन यांचा अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. तिथेही कामे पुरी करण्यावरच भर होता. वर्गातल्या अभ्यासाशी सहलीचा दुवा क्वचितच जोडला जात होता.

जागेचे नवेपणही आड येते. अनोळखी ठिकाणी मुलांचे लक्ष आधी त्या जागेतच गुंतते, असे जॉन फॉक आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये दाखवले. म्हणून डबा कुठे खायचा, स्वच्छतागृह कुठे आहे, काय पाहायचे आहे, हे शिक्षकांनी आदल्या दिवशीच सांगावे. दोन-तीनच देखावे निवडावेत, मुलांना चित्र काढू द्यावे आणि त्यांचे प्रश्न पुढच्या तासाला फळ्यावर घ्यावेत. मुंबईला येणे न जमणाऱ्या शाळांसाठी संग्रहालयाने २०१५ पासून फिरती बसही सुरू केली आहे.