गाडीचा खुबा: बॉल जॉइंट वेळेवर का बदलायचा?



हिशेबातली ‘वाहन देखभाल’ ही ओळ पाहून काही हितचिंतक विचारतात, की आदिवासींसाठी दिलेला पैसा गॅरेजमध्ये का जातो? प्रश्न रास्त आहे. गाडी माझ्या ताब्यात असते, म्हणून उत्तर मीच देतो. सगळ्या खर्चाचे पुराण लावत नाही, एकाच सुट्या भागाविषयी सांगतो. त्याचे नाव बॉल जॉइंट.

आपल्या खुब्याच्या सांध्यात हाडाचा गोल डोका वाटीत बसलेला असतो, म्हणून पाय सर्व बाजूंना वळतो. बॉल जॉइंट तसाच असतो. पोलादी गोळा, त्याला धरणारी वाटी, मध्ये ग्रीस आणि वरून रबरी टोपी, म्हणजे बूट. बोलेरोसारख्या गाडीत पुढच्या प्रत्येक चाकाला वर एक आणि खाली एक असे दोन असतात. चाक खड्ड्यात वरखाली होते आणि त्याच वेळी स्टिअरिंगबरोबर वळते, ते या सांध्यांमुळे. 1947 पासून मुंबईत जोडल्या जाऊ लागलेल्या जुन्या विलिस जीपमध्ये अखंड ॲक्सल होता आणि हे काम किंगपिन करीत. पुढची दोन्ही चाके स्वतंत्रपणे हलू लागली, तेव्हा ते बॉल जॉइंटकडे आले.

आपल्याकडे तो लवकर का झिजतो?

महाराष्ट्रातील कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमाती विशेष असुरक्षित आदिवासी गटांत मोडतात. त्यांपैकी कातकऱ्यांच्या वस्त्या आपल्या सिंधुदुर्गातही आहेत, बहुधा गावापासून दूर, रानाच्या किंवा ओढ्याच्या कडेला. डांबरी रस्ता संपला की जांभ्याची कातळवाट सुरू होते. दर हाताला चाक आपटते आणि तो दणका आधी बॉल जॉइंटवर बसतो. पावसाळ्यात व्हाळातून गाडी घालावी लागते. रबरी बूट कुठे चिरलेला असेल तर पाणी आणि तांबडी माती आत शिरते. ग्रीसचा चिखल होतो आणि गोळा वाटीला घासत राहतो. मालवणच्या बाजूला खारा वारा आहे, तो उघड्या लोखंडाला गंज चढवतो. तेव्हा खरा शत्रू वजन नाही, फाटलेला बूट आहे.

कसे ओळखायचे?

मेस्त्री पहिल्यांदा विचारतो, “आवाज खंयसून येता?” खड्ड्यात पुढून ‘टक्‌ टक्‌’ वाजणे, सरळ रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढणे, टायर एकाच कडेने झिजणे, ही लक्षणे. पण आवाजावर भिस्त ठेवू नये, तपासून पाहावे. स्प्रिंग खालच्या आर्मवर बसत असेल तर जॅक त्या आर्मखाली, चाकाच्या जितका जवळ लावता येईल तितका लावायचा, म्हणजे सांध्यावरचा भार जातो. मग चाकाखाली पहार घालून उचलून पाहायचे आणि चाक वर-खाली धरून हलवायचे. दुसऱ्या माणसाने सांध्याकडे बॅटरी मारून नजर ठेवायची. प्ले दिसला तर एकाने ब्रेक दाबून धरावा. प्ले नाहीसा झाला तर दोष चाकाच्या बेअरिंगचा, तसाच राहिला तर बहुधा बॉल जॉइंटचा.

कसा बदलतात?

सपाट जमिनीवर मागच्या चाकांना अडण लावायची. चाकाचे नट जमिनीवरच सैल करायचे. गाडी उचलून चॅसीखाली लोखंडी घोडी द्यायची. नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणी खाली जायचे नाही. खालच्या आर्मखालचा जॅक मात्र काढायचा नाही. तिथे दाबलेली स्प्रिंग असते आणि ती सुटली तर माणूस जायबंदी होतो.

चाक उतरवले की ब्रेकचा कॅलिपर तारेने बांधून ठेवायचा, रबरी नळीवर लोंबकळू द्यायचा नाही. स्प्लिट पिन काढून नट सैल करायचा, पण थोडे आटे अडकलेले ठेवायचे. सांध्याची दांडी निमुळत्या भोकात घट्ट बसलेली असते. पुलर लावून किंवा नकलच्या बाजूवर हातोडा मारून ती सोडवतात. ती सुटताना झटका बसतो, तेव्हा आर्मला तो नट धरून ठेवतो. जुना सांधा बोल्टचा असेल तर बोल्ट काढून निघतो, दाबून बसवलेला असेल तर प्रेस लागते.

नवा बसवण्याआधी निमुळते भोक कोरडे आणि स्वच्छ पुसायचे. नट टॉर्क पान्याने, कंपनीच्या पुस्तकातल्या मापानेच आवळायचा. पिनचे भोक जुळले नाही तर नट थोडा पुढे आवळायचा, मागे कधीच फिरवायचा नाही. पिन दर वेळी नवी. ग्रीस निपल असेल तर ग्रीस भरायचे. शेवटी अलाइनमेंट करून घ्यायची, नाहीतर नवा सांधा टायर खाईल. एका बाजूचा झिजला असेल तर दुसऱ्या बाजूचाही जवळ आलेला असतो, म्हणून आम्ही जोडीने बदलतो.

एवढी काळजी कशासाठी?

खालचा सांधा पूर्ण तुटला तर चाक बाहेर दुमडते, गाडी आर्मवर आदळते आणि स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखे होते. मागच्या बाकावर बाळंतीण असते, तापाने फणफणलेले मूल असते. ओरोसच्या जिल्हा रुग्णालयाकडे किंवा तिथून गोव्यात बांबोळीला नेताना, आंबोलीच्या घाटात, भर पावसात हे घडले तर काय, याची कल्पना करावी. त्या माणसांनी गाडी निवडलेली नसते. ती आपण पाठवलेली असते. एका टायरच्या किमतीपेक्षा बॉल जॉइंट पुष्कळ स्वस्त पडतो.

म्हणून दर मे महिन्यात, मिरगाच्या आधी, आम्ही चारही बूट हात लावून तपासतो, आणि गणपतीनंतर पुन्हा एकदा. आपल्या घरी जीप किंवा टेम्पो असेल तर यंदा पाऊस सुरू होण्याआधी मेस्त्रीला पुढची चाके उचलून पाहायला सांगा. काम अर्ध्या तासाचे आहे. आणि पुढच्या हिशेबात ‘वाहन देखभाल’ ही ओळ दिसली, की ती रुग्णांच्या खर्चातलीच धरा.